कॅप्टनशिपचं मेरिट

मंडईतल्या चहाच्या टपरीपासून आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत एक वाक्य सारखं ऐकू येतं. "क्रिकेटमध्ये आहे का आरक्षण? तिथे फक्त मेरिट!" मुंबईत कोणी म्हणालं तर सोडून देईन. पुण्यात म्हणतात याचं नवल वाटतं.

मंडळी, पालवणकर बाळू याच गावात क्रिकेट शिकले. जात चांभार. गोऱ्यांच्या पूना क्लबवर पिच राखायचं आणि ग्रेगसाहेबाला नेटमध्ये तासन् तास बोलिंग करायची, ही नोकरी. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना टीममध्ये घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाळूंना चहा पॅव्हेलियनबाहेर, तोही मातीच्या भांड्यात! चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. असो.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपली टीम बहुतेक मॅचेस हरली, तरी बाळूंनी शंभराहून जास्त विकेट्स काढल्या. आता याहून जास्त मेरिट ते कसलं? आणि तरीही हिंदू संघाची कॅप्टनशिप दरवर्षी दुसऱ्याच कोणाकडे! कॅप्टन झालेल्या पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान बाळूंचा होता. तरीही नाही. विकेट्स स्कोअरबुकात मोजल्या जातात हो, पण कॅप्टन कमिटी निवडते. मेरिटवाले नेमकी हीच पायरी गाळतात.

हे फक्त आपल्याकडेच असंही नाही. अमेरिकेत टेक्सस वेस्टर्न कॉलेजनं १९६६ साली पाच काळे खेळाडू उतरवून बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवलं. कोच गोराच. काळ्या कोचला, जॉन थॉम्पसनना, ते मिळायला १९८४ उजाडलं. खेळायला परवानगी आधी मिळते, हुकूम सोडायला फार नंतर.

आपल्याकडे १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि कॅप्टनशिपसाठी विठ्ठलचा विचारही केला नाही, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनी सरळ खेळायलाच नकार दिला. उपकार म्हणून नाही, भांडून मिळालं. १९२३ ला विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदू संघ जिंकला. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.

जोतिराव फुल्यांनी नगरपालिकेत ज्या मंडईच्या खर्चाला विरोध केला, तिला आपण त्यांचंच नाव दिलं. नावं द्यायला आपण पुणेकर कधी मागे नसतो. कमिटीत खुर्ची द्यायची म्हटलं की मात्र लगेच मेरिट आठवतं. तुमच्या कंपनीत प्रमोशन कोण ठरवतं, बघा एकदा..