बिनकुंपणाचा डोंगर

इंग्लंडच्या उत्तरेला सरोवरांचा म्हणून एक प्रदेश आहे. तिथे डोंगराला ‘फेल’ म्हणतात. माझी तेवीस वर्षे पेपर तपासण्यात गेली. मला हा शब्द घरचाच वाटावा. पण तो पडला जुन्या नॉर्स लोकांचा, आणि अर्थ नुसता डोंगर. आमची मनू मँचेस्टरला शिकायला गेली, तिला भेटायला आम्ही उभयता गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो आणि अशाच एका फेलवर माझी परीक्षा झाली.

मनूला त्या दिवशी काम होते. तिने दशम्यांचा डबा, नकाशा आणि आल्फ्रेड वेनराइटचे पुस्तक आमच्या हवाली केले. हे गृहस्थ केंडल नगरपालिकेचे खजिनदार. नोकरी सांभाळून ते डोंगर चालले आणि २१४ फेलांची स्वहस्ते लिहिलेली, स्वहस्ते रेखाटलेली सात पुस्तके त्यांनी १९५५ ते १९६६ या काळात काढली. नाहीतर आम्ही! मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही फक्त आंबे खातो.

ग्लेनरिडिंगहून अल्सवॉटर सरोवरातल्या बोटीने हाउटाउनला उतरलो. समोर बीडा फेल. उंची ५०९ मीटर.

“आपलं कळसूबाई १६४६! हे तर टेकाड!” मी मोठ्याने म्हणालो. अर्ध्या तासाने मोठ्याने बोलण्याजोगा दमच उरला नाही. मग ऐकू आला तो वारा, आणि मेंढरांचे गवत तोडणे. माणूस एकही नाही.

माथ्यावर दम परतला, तसा मी सौभाग्यवतींचा तास घेतला. या उघड्या डोंगरांना कुंपण नाही, तरी मेंढरे आपली हद्द सोडत नाहीत. आईमागे चरता चरता कोकरू हद्द शिकते आणि पुढे आपल्या कोकराला शिकवते. २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत या भागातले कित्येक कळप मारावे लागले. नवी मेंढरे आणली, पण त्यांना हद्द शिकवणार कोण? तात्पुरती कुंपणे घालून ती शिकवावी लागली.

सौ.ने डबा उघडला. म्हणाली, “अहो, मनू परत यायची नाही म्हणते. तिला इथंच नोकरी मिळालीय.”

“कधी?”

“महिना झाला. घरी तुम्ही दुसऱ्याला बोलू देता कुठं? म्हणून तर तिनं आपल्याला इथं पाठवलं.”

आमच्या घरात बापाला सगळे शेवटी कळते. या वेळी तर डोंगर चढवून कळले.

“आपणच तिला हद्द शिकवली नाही,” मी म्हणालो.

“मेंढीनं कोकराला शाळेत घातलं नव्हतं. आपण घातलं.” एवढे बोलून तिने तोंड सरोवराकडे फिरवले. दशम्या बराच वेळ तशाच राहिल्या.

उतरताना माझा गुडघा बोलू लागला. लग्न झाल्यापासून मी चार पावले पुढे चालत आलो. त्या दिवशी ती पुढे होती, आणि प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहत होती. मी इतकी वर्षे असा थांबलो होतो का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ग्लेनरिडिंगला परत उतरलो तोच फोन वाजला. मनू!

“बाबा, चढलात ना वर?” आवाज जरा जपूनच होता.

“चढलो गं,” मी म्हणालो. “उतरायलाच जरा वेळ लागला. पण उतरलो.”