तारीख ठरली!

‘नॉर्मल की सिझर?’

बाळ झाल्याचा मेसेज टाकला की पहिला रिप्लाय अभिनंदनाचा येतो आणि दुसरा हा. वजन किती, नाक कोणावर गेलंय, वगैरे सगळं नंतर. ‘सिझर’ असं टाइप केलं की पलीकडून येतं एक ‘अरेरे...’ किंवा त्याहून भारी म्हणजे, ‘बरं झालं गं, कळा तरी नाही सोसाव्या लागल्या!’

आता आपल्या भाषेची गंमत बघा. बाई ‘बाळंत होते’, ‘मोकळी होते’. वाक्याचा कर्ता तीच. सिझर मात्र ‘करतात’. कर्ता डॉक्टर, बाई नुसती टेबलावर. त्यातही इमर्जन्सी असेल तर निदान सांगायला एक थरारक गोष्ट तरी असते. मध्यरात्र, धावपळ, सह्या, सासऱ्यांचं बीपी. पण ज्यांचं आधीच ठरलेलं असतं, तारीख आणि वेळेसकट, त्यांचं काय? लग्नाची तारीख ठरली की पेढे वाटतात. सिझरची तारीख ठरली की लोक आवाज खाली आणतात.

माझी ठरली होती. १५ सप्टेंबर २०२५, सोमवार, सकाळी नऊ. मुक्काम पोस्ट जामनेर, जिल्हा जळगाव, म्हणजे माझं माहेर.

तसा माझा प्लॅन फुलप्रूफ होता. पुण्यात गर्भसंस्कारापासून ब्रीदिंगपर्यंत सगळे क्लास केले होते. मोठ्या रबरी बॉलवर बसून डोलले होते. लेबर रूमसाठी प्लेलिस्ट तयार होती. ३४व्या आठवड्यात बॅगा भरून माहेरी आले आणि ३६व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाल्या, ‘‘बाळ अजून बसलेलंच आहे हं. डोकं वर, पाय खाली.’’

थोडक्यात, पायाळू!

हा शब्द घरी पोहोचला आणि वातावरणच बदललं. मला रडू येत होतं आणि आजी खूश! पायाळू माणसाला म्हणे जमिनीतलं पाणी दिसतं, गुप्तधन दिसतं. त्याने कमरेवर हलकी लाथ मारली की उसण जाते. फक्त विजा चमकत असताना त्याला बाहेर सोडायचं नाही. आजीची कंबर गेली वीस वर्षं दुखतेय. तिने तिथल्या तिथे पहिली अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

मेडिकल भाषेत याला ब्रीच म्हणतात. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बरीच बाळं अशी बसलेली असतात. मग एकेक करून कोलांटी मारतात. दिवस भरेपर्यंत शंभरातली तीन-चारच तशी उरतात. पोटावरून हाताने दाब देऊन बाळ फिरवायची एक पद्धत आहे आणि साधारण निम्म्या वेळा ती जमते. माझ्या पोटात पाणी कमी होतं, त्यामुळे तो मार्ग बंद. मी रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांचंही तेच मत.

तरी मन म्हणत होतं, हे खरंच गरजेचं आहे, की आपल्याला गुंडाळलं जातंय? आणि हा संशय काही उगाच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे बघा. देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४! बायकांची हाडं खासगी हॉस्पिटलच्या दारात गेल्यावर अचानक अरुंद होतात का? २०१७मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी याच प्रश्नावर ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली होती. प्रत्येक हॉस्पिटलने आपला सिझरचा टक्का जाहीर करावा, एवढीच मागणी. लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

तेव्हा प्रश्न विचारायलाच हवेत. पण एक गोष्ट मला उशिरा क्लिक झाली. टक्केवारी देशाची असते, राज्याची असते, हॉस्पिटलची असते. माझ्या पोटातलं बाळ टक्केवारीत बसत नाही. ते नुसतं बसलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५मध्ये हेच सांगितलं. सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने बाळ-बाळंतिणींचे मृत्यू कमी होताना दिसत नाहीत हे खरं. पण ठरावीक आकडा गाठायच्या मागे लागण्यापेक्षा ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळेल हे बघा. दोन्ही वाक्यं एकाच पत्रकात आहेत. आपण फॉरवर्ड करतो ते फक्त पहिलं.

मग मी पत्रकारिता चालू केली, स्वतःवरच. ब्रीचवरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास २०००मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २६ देश, दोन हजारांवर बायका. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं, हे नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्या गटात ५ टक्के आणि आधीच सिझर ठरवलेल्या गटात १.६ टक्के. पुढे २००४मध्ये त्यातल्या काही मुलांकडे दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन गटांत फारसा फरक उरलेला नव्हता, हेही सांगायला हवं. हात सरावलेले डॉक्टर असतील तर काही ठिकाणी ब्रीचही नैसर्गिकरीत्या होऊ देतात. पण २०००नंतर जगभर सिझरच होत गेली आणि तसे सरावलेले हातही कमी होत गेले.

आमच्या डॉक्टरबाईंनी मला इंग्रजी जर्नल वगैरे काही ऐकवलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘हे बघ, ब्रीचमध्ये अंग बाहेर येतं आणि डोकं मागे राहतं. ते अडकलं तर माझ्या हातात काही मिनिटं असतात. रात्री दोनला तुला कळा सुरू झाल्या, तर भूलतज्ज्ञ जळगावहून यायचे, तासाभराचा रस्ता. सोमवारी सकाळी नऊला भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर आणि रक्ताची पिशवी, तिन्ही माझ्या शेजारी असतील.’’

बास. ‘प्लॅन्ड’ या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी समजला. पुण्या-मुंबईत तो सोयीचा शब्द वाटतो. तालुक्याच्या गावात तो अंतराचा शब्द आहे.

पण खरा राडा पुढेच होता. तारीख!

डॉक्टरांना ३९ आठवडे पूर्ण हवे होते. कळा न येता आधी बाहेर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त असते, आठवडा-दीड आठवड्यानेही फरक पडतो. माझे ३९ आठवडे भरत होते १४ सप्टेंबरला. रविवार, म्हणून १५. आणि घरात पंचांग उघडलं गेलं... ६ला अनंत चतुर्दशी, ७ला खग्रास चंद्रग्रहण आणि तिथून पुढे थेट पितृपक्ष!

ज्या घरात पितृपक्षात मिक्सरसुद्धा घेत नाहीत, तिथे पोर जन्माला घालायचं? ठरवून? गुरुजींना फोन गेला. त्यांनी ४ सप्टेंबरचा झकास मुहूर्त काढून दिला. गणपती घरात, गुरुवार, सगळं शुभ. मी कॅलेंडर मोजलं. ३७ आठवडे आणि ४ दिवस.

आजीचं म्हणणं सरळ होतं. ‘‘पोरी, देवाच्या हातानं झालं असतं तर मी बोलली नसती. पण दिवस तूच ठरवून राह्यली ना? मग चांगला ठरव.’’

लॉजिक बिनतोड! ‘नॉर्मल’वाल्या बायकांना पितृपक्ष विचारत नाही. त्यांचं बाळ येईल तेव्हा येतं आणि सगळे गपगुमान बारशाच्या तयारीला लागतात. तारीख तुमच्या हातात आली की मात्र ती सगळ्यांच्याच हातात येते. बाबा म्हणाले आठ-दहा दिवसांनी काय होतंय. सासूबाई पुण्याहून म्हणाल्या मनात शंका नको. नवरा ‘तू म्हणशील तसं’ म्हणाला. हे वाक्य वाटतं तेवढं मदतीचं नसतं, बरं का मुलांनो!

मी म्हटलं, ४ तारखेला काढलं आणि बाळाला धाप लागली, तर त्याला काचेत ठेवावं लागेल. कदाचित जळगावला न्यावं लागेल. मी इथे टाके घेऊन झोपलेली, ते तिकडे पेटीत. तो मुहूर्त मग कोणाच्या कामाचा? मी १५लाच जाणार.

आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पंचांग मागवलं आणि १५ तारखेवर बोट ठेवलं. नवमी. अविधवा नवमी. घरातल्या ज्या बायका सवाष्ण गेल्या, त्यांच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचा दिवस. आजी दर वर्षी हे करते. कोणासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तिच्या थोरल्या जाऊबाईंसाठी. कांग नदीपलीकडचं खेडं, साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मूल पायांकडून आलं. सुईणीने रात्रभर प्रयत्न केले. पहाटे बैलगाडी जुंपली, पण जामनेर यायच्या आत दोघंही गेली. तेव्हा पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत ‘पीजे’ धावायची. ती छोटी रेल्वे २०२०मध्ये थांबली. पण त्या पहाटे तिचा तरी काय उपयोग होता? आजीने सगळं तीन-चार वाक्यांत सांगितलं आणि म्हणाली, ‘‘तिले कोणी तारीख दिली असती, तर ती अमावास्येलेही गेली असती.’’

तारखेवर पुन्हा चर्चा झाली नाही.

मला तेव्हा आनंदीबाई जोशी आठवल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून. त्यानंतर त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि १८८६मध्ये पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता प्रसूतिशास्त्र. आपण शाळेत हे ‘पहिली महिला डॉक्टर’ म्हणून पाठ करतो. त्यामागे एक बाळंतपण होतं, हे पाठ करत नाही.

तर १५ सप्टेंबर. आदल्या रात्रीपासून उपाशी. पावणेनऊला मी एका क्लायंटला इन्व्हॉइस मेल केलं. फ्रीलान्सरला २६ आठवड्यांची पगारी रजा नसते, त्यामुळे हसू नका. ओटीत गारठा. मांजरासारखी पाठ वाकवून बसवलं, कण्यात सुई, मग पाय कोणा दुसऱ्याचेच असल्यासारखे झाले. शुद्ध मात्र पूर्ण. पडद्यापलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, पण ओढाताण जाणवते, कुणीतरी पोटात कपाट आवरत असल्यासारखी. दुखत नाही. डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ कपाशीच्या भावाबद्दल बोलत होते आणि त्या गप्पांचाच मला केवढा आधार वाटला! काही मिनिटांत आधी बुड, मग पाय, मग डोकं... आणि रडण्याचा दणदणीत आवाज. मुलगी. श्वास एकदम खणखणीत. गालाला गाल लावून घेतला. टाके घालायला मात्र त्यानंतर अर्धा-पाऊण तास लागला.

आता ‘कळा नाही सोसाव्या लागल्या’वाल्यांसाठी. कळा आधी नसतात, नंतर असतात. दुसऱ्या दिवशी नर्स उभं करते, तेव्हा कळतं की हसणं, खोकणं, कूस बदलणं हे सगळं पोटाच्या जिवावर चालतं. चार दिवस हॉस्पिटल, सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी यांत मात्र नॉर्मल-सिझर असा भेदभाव नसतो.

तुमच्यापैकी कोणाची तारीख ठरली असेल, तर एवढं नक्की विचारा. कारण काय, आणि ते फाइलमध्ये लिहिलंय का? ३९ आठवड्यांच्या आधी करायचं असेल, तर का? ब्रीच असेल, तर त्याच दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी होणार का? काही हट्टी बाळं शेवटच्या क्षणी फिरतात! रक्ताची सोय आहे का? बाळ लगेच छातीशी देणार का? आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पोटात छेद कसा घेतला हे त्यावर असतं. एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, असा नियम नाही. योग्य केस असेल तर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तिघींना ते जमतं. मात्र गर्भाशयाचा जुना व्रण उसवायचा धोका दोनशेत एक असतो, त्यामुळे प्रयत्न मोठ्या हॉस्पिटलमध्येच. उलट, सिझरची संख्या वाढेल तसा वार चिकटून बसण्याचा धोका वाढतो, म्हणून विनाकारण पहिलं सिझरही नको.

मला अजून कधीकधी ती न वाजलेली प्लेलिस्ट आठवते आणि वाईट वाटतं. वाटू देते. लेक सुखरूप असल्याचा आनंद आणि हवं तसं न झाल्याची हळहळ, दोन्ही एका घरात राहू शकतात. सासू-सून राहतात, तसं.

आणि ऑफिसातली मैत्रीण रजेवर जाऊन मेसेज टाकेल, तेव्हा प्लीज तो पहिला प्रश्न गिळा. झोप होते का विचारा. जेवलीस का विचारा. जमलं तर डबा घेऊन जा. कसं झालं ते तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेलच, आणि बराच वेळ सांगेल. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून ऐका.

ता. क. आजीच्या कमरेला पहिली लाथ चाळिसाव्या दिवशी बसली. आराम आहे म्हणते.