मुख्यमंत्रिपद अडवणारे खोरे

राज्यपाल लोकांनी थेट मतदानाने निवडावा, ही कल्पना आपल्या घटना समितीने एकेकाळी गांभीर्याने घेतली होती. 1947 साली सरदार पटेलांच्या समितीने तशी शिफारस केली आणि ती मान्यही झाली. मे 1949 मध्ये मात्र ती सोडून देण्यात आली. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनीच निवडलेल्या विधानसभेला जबाबदार असलेला मुख्यमंत्री, या दोन तलवारी एका म्यानात राहिल्या नसत्या. त्या घटना समितीत केशवराव जेधेही होते. त्यांचे घराणे भोर तालुक्यातल्या कारीचे.

निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे आपल्याकडे राज्याच्या प्रमुखपदाची लढत राज्यभर एकदम होत नाही. ती कुठल्या तरी एका मतदारसंघात, तिथल्या वाड्यावस्त्यांवर होते, आणि तिथे हरलेला माणूस मुंबईतल्या शर्यतीतून बहुधा बाद होतो. 1999 साली भोरने महाराष्ट्राला हे दाखवून दिले.

त्या वर्षी 10 जूनला शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली आणि तीन महिन्यांत मतदान आले. भोरमधून काँग्रेसचे उमेदवार होते अनंतराव थोपटे. अनेक वेळा आमदार झालेले, मंत्रिपद भूषवलेले, राजगड साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था उभारणारे. काँग्रेसची सत्ता आली तर मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव घेतले जात होते. राष्ट्रवादीने त्यांच्यासमोर काशिनाथ खुटवड यांना उभे केले. कालपर्यंत एका झेंड्याखाली राबलेले कार्यकर्ते दोन बाजूंना गेले. डोंगरातल्या तालुक्याचा प्रचार म्हणजे कारखान्याचे सभासद, सोसायट्या, भावकी आणि मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली गावची माणसे. यातली एकेक कडी दोन्हीकडून ओढली गेली. खुटवड निवडून आले, थोपटे पडले.

पुढे जे घडले ते मला आजही सलते. काँग्रेसला 75 आणि राष्ट्रवादीला 58 जागा मिळाल्या, दोघे एकत्र आले आणि 18 ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. भोरमध्ये एकमेकांविरुद्ध लढलेले पक्ष मुंबईत एकाच मंत्रिमंडळात बसले. गावात पडलेली फूट मात्र तशीच राहिली. 2004 मध्ये थोपटे पुन्हा निवडून आले, पण मुख्यमंत्रिपदाची ती संधी पुन्हा आली नाही. पवार आणि थोपटे यांच्यातला दुरावा पुढची दोन दशके या भागाच्या राजकारणाचा कणा होऊन बसला.

बाजू निवडणे या मुलखाला नवे नाही. 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा उत्रौलीचे खोपडे खानाला मिळाले, आणि कारीच्या कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांचा पक्ष धरला. आपण काय पणाला लावतो आहोत, हे कान्होजींना पुरते ठाऊक होते. नंतर पंतसचिवांचे भोर संस्थान आले, 8 मार्च 1948 रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि इथल्या माणसाच्या हातात मत आले. घराण्यांच्या लढती मात्र चालूच राहिल्या. याच जेधे घराण्यातले केशवराव गेल्यावर 1960 मध्ये बारामतीची लोकसभा पोटनिवडणूक झाली. त्यांचे चिरंजीव गुलाबराव काँग्रेसकडून उभे होते आणि समोर शरद पवारांचे थोरले बंधू वसंतराव. तरुण शरदरावांनी भावाविरुद्ध काँग्रेसचा प्रचार केला.

2024 साली त्याच बारामतीत पवारांच्याच घरातल्या नणंद-भावजय समोरासमोर आल्या. मार्चमध्ये शरद पवार अनंतरावांच्या घरी गेले, जुने वैर मिटले, आणि भोर विधानसभा मतदारसंघाने सुप्रिया सुळे यांना चाळीस हजारांहून अधिक मताधिक्य दिले. त्या एकूण 1,58,333 मतांनी विजयी झाल्या. सहा महिने उलटतात न उलटतात तोच विधानसभेत तीन वेळचे आमदार संग्राम थोपटे यांचा अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांनी एकोणीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. एप्रिल 2025 मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर मुळशीही भोरला जोडलेला आहे. हिंजवडी-बावधनकडची वस्ती झपाट्याने वाढते आहे, तर 2011 च्या जनगणनेत याच मतदारसंघातल्या अख्ख्या वेल्हे तालुक्यात माणसे होती जेमतेम 54 हजार. डोंगरातल्या मताचे वजन दर निवडणुकीला घटत जाणार आहे.

म्हणूनच एक गोष्ट आत्ताच बोलायला हवी. 1928 साली पूर्ण झालेले भाटघर धरण भोर तालुक्यात आहे, साडेतेवीस टीएमसीचे. निरा देवघर भोरमध्येच. पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी वेल्ह्यात. भाटघर आणि निरा देवघरच्या पाण्यावर बारामती, फलटणपासून खाली माळशिरसपर्यंतचा ऊस उभा राहतो, पानशेत-वरसगाव पुणे शहराची तहान भागवतात. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांतून उन्हाळ्यात हंडे घेऊन उतरावे लागते, कारण धरणातून पाणी वर चढवायला लागते ती उपसा योजना, तिची वीज आणि तिचा खर्च कोण करणार, हा प्रश्न राहूनच गेला. पाण्याचे वाटप खालच्या तालुक्यांच्या नेत्यांनी ठरवले, आणि मते मागायला वर येणारेही बहुतेक तेच.

या खोऱ्याने एका नेत्याचा मुख्यमंत्रिपदाचा रस्ता अडवला, एका खासदाराच्या विजयाला मोठा हातभार लावला आणि एका घराण्याची सलग सत्ता मोडली. एवढी ताकद असलेल्या मतदाराकडे प्रत्येक प्रचाराने एकच प्रश्न आणला: तू कोणाचा? 2024 च्या लोकसभा आचारसंहितेच्या तोंडावर सरकारने मंत्रिमंडळाच्या बैठकीत वेल्ह्याला राजगड तालुका हे नाव देण्याचा निर्णय घेतला. नावाचा आनंद खराच आहे, राजगड आमचा प्राण आहे. पण त्याच बैठकीत राजगडच्या पायथ्याच्या गावांसाठी गुंजवणीच्या पाण्याचा निश्चित वाटा आणि त्याच्या उपशाचा खर्च मंजूर झाला असता, तर तो निर्णय शेवटच्या वाडीपर्यंत पोचला असता. पुढचा उमेदवार, कुठल्याही घराण्याचा असो, सभेला उभा राहील तेव्हा त्याच्याकडून त्या वाट्याचा आकडा टीएमसीत, गावांच्या यादीसह आणि तारखेसह लेखी मागून घ्यायला हवा.