थांब जरा, बाप्पा!

डिसेंबरच्या सकाळी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जो उभा राहिला, त्याला 'डेड टाइम' वेगळा शिकवायची गरज नाही. गरम पाण्याचा नळ सोडला, पाणी गार. आणखी सोडला, तरी गारच. पूर्ण सोडला आणि अर्ध्या मिनिटाने बोंब! घाईत बंद केला, की पुन्हा बर्फ. दोष नळाचा नाही. टाकीपासूनच्या लांब पाइपचा, आणि त्याहून जास्त आपल्या घाईचा.

आता हाच पाइप 85 किलोमीटरचा करा. आमच्या भागातल्या सूरजागडचं लोहखनिज हेडरीला दळून, पाण्यात कालवून कोनसरीला पाठवणारी स्लरी पाइपलाइन 2025 मध्ये सुरू झाली. लांबी साधारण तेवढीच. स्लरी सेकंदाला दीड मीटर जाते असं धरा आणि भागाकार करा: जवळजवळ 16 तास! हेडरीला संध्याकाळी दळण जाडं झालं, तर कोनसरीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळणार. तिथल्या मापावर इथली चक्की फिरवायची म्हटलं, तर दुरुस्तीचा परिणाम दिसायला आणखी 16 तास. तोवर पीआयडीमधला 'आय' बिचारा चुकांची बेरीज करत बसणार. गंमत म्हणजे त्याच पाइपमधून दाबातला बदल एक-दोन मिनिटांत पोचतो. पाइप एक, डेड टाइम दोन!

आपण परीक्षेत काय करतो? पादे अॅप्रॉक्सिमेशन लिहितो आणि झिग्लर-निकोल्सचा 1942 चा तक्ता घोकतो. तो तक्ता सांगतो, की बाकी सगळं तेच ठेवून डेड टाइम दुप्पट झाला तर गेन निम्मा करा. म्हणजे साध्या मराठीत, थांब जरा बाप्पा! 1957 मध्ये ओ. जे. स्मिथ यांनी प्रेडिक्टर मांडला: प्रोसेसचं मॉडेल कंट्रोलरमध्येच ठेवायचं, म्हणजे उत्तर येण्याआधी अंदाज मिळतो. पण पंपाचा वेग बदलला की डेड टाइम बदलतो, आणि मॉडेल चुकलं की हा हुशार गडीही झोके खातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आधी सेन्सर जवळ आणा, अल्गोरिदम नंतर. घनता आणि कणांचा आकार चक्कीच्या तोंडाशीच मोजा. दूरच्या टोकाचं माप सावकाश पडताळणीला ठेवा. आणि आपल्या लॅबमध्ये नुसतं सिम्युलेशन नको. टाकीला वीस मीटर नळी जोडा, मग बघा किती जणांचं ट्यूनिंग टिकतं.

शेवटची गोष्ट पुस्तकात नाही. खाणीच्या भागात नाल्याचं पाणी लाल झालं, तर ते सगळ्यात आधी पाणी भरायला गेलेल्या बाईला दिसतं. तिचं म्हणणं व्हॉल्व्हवर हात असलेल्या माणसापर्यंत पोचायला किती दिवस लागतात? हाही डेड टाइमच, आणि तो कमी करायला प्रेडिक्टर लागत नाही. उद्या आपल्यातलं कुणी त्या कंट्रोल रूममध्ये बसलं, तर हा सेन्सर लूपमध्ये घ्यायला विसरू नका.

असो. बादली भरली असेल, जातो.