खोटी नोट कुणाच्या गळ्यात मारायची?

बँकेच्या काउंटरवर खोटी नोट आली की काय करायचे, याचा नियम अगदी साधा आहे. तिच्यावर शिक्का मारायचा, ती जप्त करायची, आणणाऱ्याला पावती द्यायची आणि त्याने कितीही गयावया केली तरी नोट परत द्यायची नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे काम मी अनेकदा केले. समोरचा माणूस बहुधा निर्दोष असे. पेन्शनर, दुकानदार, एखादा शेतकरी. तो म्हणे, "साहेब, मलाही कुणीतरी दिलीच ना? द्या परत, मी बघतो काय करायचं ते." त्या 'बघतो'चा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक असे. संध्याकाळच्या गर्दीत, अर्धवट उजेडात, एखाद्या भाजीवालीच्या हातात ती नोट सरकवायची. त्या माणसाचा मला राग येत नसे, कीव येत असे. पण नोट मी परत देत नसे.

तीन वर्षांपूर्वी मी स्वतः त्या माणसाच्या जागी उभा राहिलो. माझ्या हातात नोटेऐवजी मोटार होती, एवढाच फरक.

निवृत्तीनंतर घेतलेली ही आमची पहिली कोरी गाडी. त्याआधी आयुष्य स्कूटरवर आणि नंतर एका जुन्या गाडीवर निभावले होते. शोरूममध्ये गाडीवरचा कपडा बाजूला करण्याचा सोहळा झाला, नारळ फुटला, पेढे वाटले, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात धरून फोटोही निघाला. तिसऱ्या आठवड्यात पत्नीच्या बहिणीकडे वाईला निघालो. खंबाटकीचा घाट चढताना इंजिन एकाएकी बंद पडले. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचा पायही दगडासारखा लागतो, हे त्या दिवशी कळले. मागे उसाचा ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर सावध होता, म्हणून हा लेख लिहितो आहे. दहा मिनिटांनी गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाली.

पुढच्या आठ महिन्यांत हे पाच वेळा घडले. चार वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे ती शाळेतल्या हुशार मुलासारखी वागे. "काका, कॉम्प्युटरला लावली. काहीच फॉल्ट दाखवत नाही," असे सांगत आणि जॉब कार्डावर 'सर्वसाधारण तपासणी' लिहून मला निरोप देत. पत्नी काही बोलली नाही. पुढच्या खेपेला मात्र ती वाईला एस.टी.ने गेली.

मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मुलगा बंगळुरूहून म्हणाला, "बाबा, डोक्याला ताप करून घेऊ नका. एक्स्चेंजमध्ये द्या आणि दुसरी घ्या." शेजारचे वकिलीतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी सांगतोय, म्हणजे बघा!" एक मित्र मात्र हट्टाला पेटला होता. "सोडू नकोस. कंपनीला गुडघे टेकायला लाव." लढणारा मी होतो, तो नव्हता, त्यामुळे त्याचा आवेश जास्त होता.

बँकेतल्या माणसाने बँकेतल्या माणसासारखा हिशेब मांडला. गाडी रस्त्यावर यायला १० लाख ८० हजार रुपये लागले होते. नऊ महिन्यांनी एक्स्चेंजमध्ये ७ लाख १० हजार देऊ केले. फरक ३ लाख ७० हजारांचा. त्यातला रस्ता-कर, नोंदणी आणि विमा यांचा पैसा तसाही परत येणार नव्हता. बुडीत कर्जाच्या बाबतीत आम्ही नव्या अधिकाऱ्यांना सांगत असू, की गेलेल्या पैशावर डोळा ठेवून निर्णय घेऊ नका. इथून पुढे काय येईल आणि काय जाईल, तेवढेच पाहा. त्या न्यायाने लढाईच्या बाजूला वेळ, वकील, तज्ज्ञाची फी आणि रात्रीची झोप हे सगळे खर्चात पडत होते. हिशेबात एक्स्चेंज जिंकत होते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. मी सही करायलाही गेलो होतो.

तिथला तरुण कागद भरत होता. सहज विचारावे तसे मी विचारले, "या गाडीचं पुढे काय करणार?"

"विकणार, काका. एवढी नवी गाडी आठवड्यात जाते."

"घेणाऱ्याला सांगणार का, मध्येच बंद पडते म्हणून?"

तो हसला. मुलगा वाईट नव्हता, त्याला प्रश्नच गमतीचा वाटला. "काका, रेकॉर्डवर तर काही फॉल्टच नाहीये."

रेकॉर्डवर खरोखरच काही नव्हते. चार जॉब कार्डे, चारही 'सर्वसाधारण तपासणी'. मला तो उसाचा ट्रक आठवला. पुढच्या वेळी घाटात त्या गाडीत कोण असेल? जुनी म्हणून परवडली, असे म्हणत पहिली गाडी घेणारे एखादे तरुण जोडपे, मागच्या सीटवर त्यांचे मूल. नोट परत मागणाऱ्याला मी चौतीस वर्षे जे नाकारले, तेच आता स्वतः करायला निघालो होतो. मी कागद परत घेतला.

माझ्या मनात आणखी एक जुनी टोचणी होती. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या शाखेत मॅनेजर असताना एका शिक्षकाने कर्ज काढून नवी रिक्षा घेतली होती, भावासाठी. ती सदोष निघाली. "रिक्षाच चालत नाही, तर हप्ता कसला?" म्हणून त्याने हप्ते थांबवले. मी त्याला ऐकवले, "बँकेचा संबंध कर्जाशी, रिक्षाशी नाही." नियम म्हणून ते बरोबरच होते आणि आजही आहे. वाहन बिघडले तरी हप्ता चुकवू नये, कारण एक भांडण असताना दुसरे अंगावर ओढवते. पण ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला होता. जिल्ह्याच्या गावी ग्राहक मंच आहे, तिथे जा, एवढे एक वाक्य त्याला सांगायला मला काय झाले होते? मी सांगितले नाही. रिक्षा त्यांनी मिळेल त्या भावाला विकली. कुणाला विकली, हे मी विचारले नाही.

तेव्हा न सांगितलेले आता सांगतो. जुन्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. गाडी कुठेही घेतलेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती विसरू नये. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काळ जास्त लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मित्राच्या आवेशात बुडून जाते. दोष सापडला म्हणजे कोरी गाडी मिळतेच, असे नाही. एका गाजलेल्या मोटार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर तेवढेच देणे लागते. भाग बदलून काम भागत असताना संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा केला आणि मग इतर राज्यांनी तो उचलला. ठरावीक प्रयत्नांत गाडी दुरुस्त झाली नाही, तर ती बदलून द्या किंवा पैसे परत करा, असा त्याचा गाभा. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. इथे दोष कारखान्यातलाच आहे हे ग्राहकाला दाखवावे लागते, आणि म्हणून सगळी भिस्त कागदावर असते.

मी पहिली गोष्ट केली ती हीच. पाचव्या खेपेला जॉब कार्डावर माझी तक्रार माझ्याच शब्दांत लिहून घेतली: 'चढावर, इंजिन तापल्यावर, चालू गाडी बंद पडते.' ते लिहीपर्यंत किल्ली दिली नाही. प्रत घेतली. प्रत्येक वेळची तारीख, ठिकाण, किलोमीटर वहीत लिहिले. मग तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांना गाडी दाखवली. त्यांनी इंधनाच्या नळीला दाबमापक जोडला आणि दोन तास गाडी चढावर पळवली. गाडी तापली की टाकीतला पंप दम सोडत होता. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेहमी थंड असताना तपासली जाई, म्हणून ती निर्दोष ठरत होती.

त्यांचा अहवाल जोडून नोटीस दिली. उत्तर गुळमुळीत आले. मग तक्रार दाखल केली. तारखा पडल्या, पुढे गेल्या. चौदा महिन्यांनी प्रकरण मध्यस्थीला गेले आणि मिटले. कंपनीने पंप आणि त्याची वायरिंग बदलून दिली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि खर्चापोटी ६० हजार दिले. कोरी गाडी मिळाली नाही. मित्र म्हणाला, "एवढ्यासाठी एवढं केलंस?" मुलाने मध्यंतरीच्या रिक्षा-टॅक्सीचा हिशेब मांडून दाखवला. तो चुकीचा नव्हता.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे त्याचा मोठा वाटा आहे. विकणाऱ्याला गाडीची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीला संशयाने कमी भाव देतो, आणि मग चांगली गाडी असलेला माणूस ती बाजारात आणतच नाही. शेवटी बाजारात खोट तेवढी उरते. खोटी नोट गपचूप पुढे सरकवणारा माणूस फक्त भाजीवालीला फसवत नाही. तो पुढच्या प्रत्येक खऱ्या नोटेला उजेडात धरून पाहायला लावतो.

मग प्रत्येकाने लढावे काय? नाही. घरात आजारी माणूस आहे, दिवस कामात बुडालेले आहेत, प्रकृती साथ देत नाही, त्याने खुशाल गाडी बदलून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. पण देताना तिची खोट कागदावर लिहून द्यावी आणि त्या कागदावर घेणाऱ्याची सही घ्यावी. चार पैसे कमी येतील. तेवढी किंमत आपली आपण भरावी. ती पुढच्याच्या जिवावर ढकलू नये. लढायचे की सोडायचे, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. लपवायचे की सांगायचे, हा नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघे वाईला जाऊन आलो. घाटात पत्नीने दारावरची मूठ घट्ट धरली होती, ती वर पोहोचल्यावरच सोडली. पाच जॉब कार्डे, प्राध्यापकांचा अहवाल आणि समेटाची प्रत अशी फाइल गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. ही गाडी कधीतरी विकावी लागेलच. तेव्हा किल्लीबरोबर ती फाइलही द्यायची आहे.