सरस्वतीच्या मंदिराचाही जीर्णोद्धार

देवळाच्या जीर्णोद्धाराची हाक आपल्या गावांत सहसा रिकामी जात नाही. जामसावळीच्या हनुमंतापुढे संत्र्यांच्या बागाइतदारापासून हातावर पोट असणाऱ्या मजुरापर्यंत प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे हात सैल सोडतो. गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक घेऊन दारी आलेल्या मुलांनाही कोणी विन्मुख पाठवीत नाही. असे असता, ज्या वास्तूत आपल्या तीन-चार पिढ्यांनी बाराखडी गिरवली त्या जुन्या शाळेचे छप्पर गळू लागले, तर तिच्यासाठी पावतीपुस्तक का निघू नये, हा प्रश्न आम्ही पांढुर्णा व सौसर येथील नागरिकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न आजच विचारण्यास कारण आहे. १९५६ पर्यंत आपला हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. चुन्यात बांधलेली जाड भिंत, सागवानी तुळया आणि वर कवेलूंचे छप्पर ही त्या काळच्या बांधणीची रीत. पुढे २०२३ साली पांढुर्णा व सौसर हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे रस्ते आणि मोक्याच्या जागेची नवी हाव. अशा वेळी गावाच्या मध्यावरील जुनी शाळा ही पाडण्यास सर्वांत सोपी वास्तू ठरते. कारण तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. ज्या वास्तूत लोकांचा पैसा गुंतला आहे, ती पाडण्यापूर्वी मात्र अधिकाऱ्यास दहादा विचार करावा लागतो. वर्गणीचा खरा लाभ हाच.

कोणी म्हणेल, शाळा सरकारची, दुरुस्तीही सरकारने करावी. आम्ही कर भरतोच की! हे म्हणणे खोटे नाही, आणि सरकारला त्याच्या कर्तव्यातून मोकळे करावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. उलट, आपला वाटा रोख हाती घेऊन दारी आलेल्या गावाला ‘निधी नाही’ असे सांगणे कोणत्याही सरकारला जड जाते. रिकाम्या हाताने केलेला अर्ज फायलीत पडून राहतो.

दुसरा आक्षेप असा की, एवढा पैसा आणावयाचा कोठून? मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे उदाहरण पाहा. तो मनोरा १८७८ साली प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून पुरा झाला आणि २०१३ ते २०१५ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला तो टाटांच्या एका मोठ्या कंपनीच्या पैशाने. काम उत्तम झाले. परंतु पांढुर्ण्याला प्रेमचंद शेठ कोठून मिळणार? आपला मार्ग कर्मवीर भाऊराव पाटलांचा आहे. १९१९ साली काले या खेड्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणी कुबेर नव्हता. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले आणि घराघरांतील माउल्यांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढले. त्या मुठींतून उभी राहिलेली संस्था आज शंभर वर्षांनंतरही उभी आहे. मूठभर देणारी बाई संस्थेला उपकार म्हणून देत नाही. ती तिला आपली मानते.

परदेशातही हाच अनुभव आला आहे. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे ग्रंथालय १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने जाळले. सुमारे तीन लाख ग्रंथांची राख झाली. युद्धानंतर अमेरिकेतील लोकांनी वर्गणी केली. त्यांत शाळा व महाविद्यालयेही होती आणि देणाऱ्या संस्थांची नावे नव्या इमारतीच्या दगडांवर कोरली गेली. ती वास्तू १९२८ साली खुली झाली, १९४० साली पुन्हा जळली आणि पुन्हा उभारली गेली. दगडावर नाव कोरण्याची हौस आपल्याकडेही आहे; ती पंखा आणि बाक यांवरून जरा भिंतीकडे वळावी, इतकेच.

मात्र वर्गणीपूर्वी दोन गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, जाणकाराकडून पाहणी. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून झिजू लागते. चांगल्या हेतूने केलेली अशी दुरुस्ती वास्तूचे आयुष्य कमी करते. म्हणून आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती आणि रंगरंगोटी शेवटी, हाच क्रम हवा. दुसरी गोष्ट हिशेबाची. समिती नोंदलेली असावी, पैसा बँकेत असावा, प्रत्येक रुपयास पावती मिळावी आणि जमाखर्च दरमहा शाळेच्याच फळ्यावर लिहिला जावा. लोक पैसा द्यायला कचरत नाहीत. तो कोठे गेला हे न कळण्याला कचरतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहतात आणि दगड उचलतात. हे हात दुबळे नाहीत, हे जगाने पाहिले आहे. त्याच हातांनी एका जुन्या शाळेच्या भिंतीसाठी दगड उचलावा. पांढुर्ण्याने आपली एक वास्तू निवडावी, सौसरने आपली एक निवडावी, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी त्यांची छपरे सावरून घ्यावीत. एवढे साधले तर पुढचे काम आपोआप मार्गी लागेल, असा आमचा विश्वास आहे.