मोजपट्टी आधी, बक्षीस मागाहून

आपल्या संस्थेच्या या स्मरणिकेत विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेविषयी पुष्कळ लिहिले जाईल. ती गुणवत्ता मोजावी कशी, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. प्रतिमा-संकोचनाची स्पर्धा, म्हणजे छायाचित्राची फाईल शक्य तितकी लहान करणारा प्रोग्राम विद्यार्थ्यांनी लिहिण्याची स्पर्धा, आपल्या शाळेत अवश्य व्हावी. परंतु तिची चाचणी-यंत्रणा तयार होऊन तपासली जाण्यापूर्वी ती जाहीर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. बखरीतील विधान अस्सल कागदाशी ताडून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, ही आमच्या विषयाची शिस्त. येथेही तोच न्याय लागू होतो. लांबी-रुंदीला प्रत्येकी ५१२ बिंदू असलेल्या रंगीत चित्राला, दर बिंदूस तीन बाइट धरल्यास, ७,८६,४३२ बाइट लागतात. एखाद्याने ती फाईल एक लाख बाइटवर आणली, तर अभिनंदन करण्यापूर्वी तिच्यातून चित्र पुन्हा उभे करून पाहिले पाहिजे. काहीही न गमावण्याची अट असेल, तर ते मूळ चित्राशी बाइटगणिक जुळले पाहिजे. थोडे गमावण्याची मुभा असेल, तर बिंदूबिंदूतील फरक मोजून किती गमावले याचा आकडा मांडला पाहिजे.

तपासणाऱ्या प्रोग्रामचीही तपासणी हवी. त्याला मुद्दाम एक बाइट बदललेले चित्र द्यावे. ते त्याने पकडले नाही, तर तो परीक्षक होण्यास अपात्र. एकाच बिंदूचे चित्र, संपूर्ण पांढरे चित्र, कोणतीही रचना नसलेल्या ठिपक्यांचे चित्र, अशी टोकाची उदाहरणेही त्याच्यापुढे ठेवावीत. ठिपक्यांचे चित्र लहान झाले नाही, तर तो विद्यार्थ्याचा दोष मानू नये. काहीही न गमावता प्रत्येक फाईल लहान करणारी पद्धत असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. अंतिम चित्रे गुप्त ठेवावीत. नाहीतर ती प्रोग्रामच्याच पोटात दडवून फाईल एका बाइटची झाल्याचा देखावा करता येईल.

आज घरोघरी वापरात असलेल्या जेपेग पद्धतीची निवड अशाच कसोटीतून झाली. जून १९८७ मध्ये तिच्या समितीपुढे बारा पद्धती होत्या. कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे, हे न कळू देता चित्रांचा दर्जा ठरवला गेला आणि तीन पद्धती उरल्या. जानेवारी १९८८ मधील अधिक कडक चाचणीत एक सरस ठरली. तिचा पाया असलेले गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद, तसेच टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले होते. आडनाव ऐकताच माणसाच्या कुवतीचा अंदाज बांधणाऱ्या समाजात या रीतीचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या स्पर्धेतही प्रवेशिकेवर नाव नसावे, केवळ क्रमांक असावा.

तथापि, यंत्र निःपक्षपाती असले तरी त्याच्यापुढे ठेवायची चित्रे माणूसच निवडतो. ‘लेना’ नावाचे एक चित्र अनेक दशके या क्षेत्रात चाचणीसाठी वापरले गेले. ते १९७२ सालच्या पुरुषांसाठीच्या एका मासिकातून कापून घेतलेले होते. त्याविषयी आक्षेप वाढत गेले आणि अखेर आयईईई कॉम्प्युटर सोसायटीने एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले शोधनिबंध स्वीकारणे थांबवले. मोजपट्टी कोणी व कशातून घडवली, हे विचारायला अभ्यासकांनाही इतका काळ लागला. म्हणून आपल्या चाचणीत सावळे चेहरे असावेत, वहीचे पान असावे, पावसाळी शेत असावे. ही चित्रे विद्यार्थ्यांनीच, संबंधितांची संमती घेऊन, टिपावीत.

संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझे आवाहन आहे: तयार प्रोग्राम पाठवू नका, दोन रविवार मुलांबरोबर बसून त्यांच्याकडून ही चाचणी-यंत्रणा लिहून घ्या. आणि पालकांनी निकालाच्या दिवशी मुलाला कितवा क्रमांक आला हे जरूर विचारावे. पण तो कसा मोजला, हेही त्याच्याकडून समजून घ्यावे. ज्याला ते सांगता येईल, तो पुढे कोणताही दावा डोळे मिटून स्वीकारणार नाही.